शर्ट, स्कर्ट, स्कोअर आणि कात्री

नमस्कार श्रोतेहो.

शेअर बाजारातला शेअर, क्रिकेटचा स्कोअर, अंगातला शर्ट, स्कर्ट आणि आखूड या अर्थाचा शॉर्ट. मराठी बोलताना हे शब्द आपण सर्रास वापरतो, आणि पाचही एकाच घरातले आहेत. त्या घरात शिअर हे क्रियापदही आहे. अर्थ, कातरणं.

हजारएक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा आतला स्वर काळाप्रमाणे बदलत असे. ती खूण आज ‘शॉर्न’ या रूपात उरली आहे. लोकर कातरलेली मेंढी शॉर्न असते. आडव्या जोराने तुटलेला बोल्ट मात्र शिअर्ड. ही दोन रूपं इकडची तिकडे झाली की वाक्य खटकतं. इंजिनिअरिंगमधला शिअरही हाच. कात्रीची दोन पाती एकमेकींवरून सरकतात, तसे पदार्थाचे थर एकमेकांवरून सरकवणारा जोर तो शिअर.

शेअर म्हणजे कापून वेगळा केलेला वाटा. कंपनीच्या भांडवलातला हिस्सा हा अर्थ 1600 च्या सुमाराचा. नांगराच्या फाळालाही इंग्रजीत शेअरच म्हणतात, कारण तो जमीन कापतो.

शर्ट आणि स्कर्ट ही जोडी मला सगळ्यात मोलाची वाटते. दोन्हींचा मूळ अर्थ आखूड कपडा. जुन्या इंग्रजीत ‘स्क’चा ‘श’ झाला, उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीत ‘स्क’ टिकला. नवव्या शतकापासून ते इंग्लंडात वस्ती करून राहिले आणि एकाच शब्दाची दोन रूपं शेजारी नांदू लागली. पुढे एक कमरेच्या वर गेलं, एक खाली. स्काय, स्किन, स्किल हेही नॉर्सच. पण ‘स्क’ दिसला की नॉर्स, असं समजू नका. स्कूल लॅटिनमधून आला आहे.

स्कोअरही नॉर्स. अर्थ खाच. मोजताना दर विसाला काठीवर एक खाच पाडत, म्हणून स्कोअर म्हणजे वीस. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात अशा काठ्या 1826 पर्यंत चालल्या. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पौंडाची जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून देणाऱ्याला एक भाग आणि घेणाऱ्याला एक. एकाने गुपचूप खाच वाढवली, तर दोन्ही भाग जुळवताच लबाडी उघडी पडे. या जुन्या काठ्या जाळताना 1834 मध्ये लंडनच्या संसदभवनाला आग लागली. क्रिकेटच्या धावाही अठराव्या शतकात काठीवर खाचा पाडून मोजत, आणि धावेला ‘नॉच’, म्हणजे खाचच, म्हणत.

आपली कात्री संस्कृत ‘कर्तरी’वरून आली. तिच्यातला ‘कृत्’, म्हणजे कापणे, हा धातू शिअरचा दूरचा नातलग आहे. तिथे आरंभीचा ‘स’ नाही. करणे या अर्थाचा ‘कृ’ धातू वेगळा. त्याला या घरात ओढू नये.

तसाच एक फसवा शब्द इंग्रजीतही आहे. झिरझिरीत कापडाला किंवा ताशीव कड्याला लावतात तो शिअर उच्चाराला हुबेहूब सारखा, पण त्याचं मूळ स्वच्छ, चकचकीत या अर्थाचं. कातरण्याशी त्याचा संबंध नाही. शब्दकोशात पाहताना स्पेलिंग तपासा. शेवटी ई-ए-आर असेल तर कातरणारा, ई-ई-आर असेल तर झिरझिरीत.