आनंदवनाची भाजी

मित्रहो, आपल्याकडे १८९८ सालचा एक कायदा होता, लेपर्स ॲक्ट. सरकार ज्या भागात मनाई जाहीर करील, तिथे कुष्ठरोग्याने खाण्यापिण्याचा जिन्नस विकायचा नाही, सार्वजनिक विहिरीचं पाणी भरायचं नाही, भाड्याच्या गाडीत बसायचं नाही. भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला तर वॉरंटशिवाय धरता येई. बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांसाठी वसवलेलं आनंदवन समजून घ्यायचं तर हा कायदा आधी डोळ्यांसमोर हवा.

कुष्ठसेवेची वाट बाबा आमट्यांच्या आधीच काहींनी पाडली होती. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन. बाबांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली आणि कोलकात्याला जाऊन या रोगाचं रीतसर शिक्षण घेतलं. १९५१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या पन्नास एकर खडकाळ माळावर, म्हणजेच आनंदवनात, बाबा, साधनाताई, दोन लहानगी मुलं आणि सहा रोगी राहायला गेले. जवळ एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये. उद्घाटनाला विनोबा आले होते.

पहिलं मोठं काम विहिरीचं. इथे जरा थांबू या. कुष्ठरोगात जंतू नसांवर हल्ला करतात, हातापायांची संवेदना जाते. आपल्याला फोड आला की आपण फावडं खाली ठेवतो. त्यांना फोड आलेला कळतच नाही. फोड फुटतो, जखम चिघळते, बोटं झडतात ती अशी. म्हणून काम संपल्यावर हात-पाय डोळ्यांनी तपासायचे, जखम धुऊन बांधायची, ही शिस्त औषधाइतकीच महत्त्वाची. असे हात त्या खडकात विहीर खणत होते. पाणी लागलं, शेत पिकलं, भाजी आली.

आणि ती भाजी वरोऱ्यात कोणी घेईना!

मला आनंदवनाच्या इतिहासातली सर्वांत अवघड घडी हीच वाटते. दान द्यायला माणसं पुढे येतात हो, पण त्यांच्या हातची वांगी घरी न्यायची म्हटलं की पाय मागे सरतो. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या श्रमदान करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे परदेशी स्वयंसेवक बांधकामाला आले. ते तिथेच राहिले, तिथलंच जेवले. गावाने ते पाहिलं, आणि हळूहळू भाजी-दूध खपू लागलं. बाबांना भिकेचा कटोरा नको होता, गिऱ्हाईक हवं होतं.

नंतरचा विस्तार तुम्हाला ठाऊक आहे: सोमनाथचा शेतीप्रकल्प, हेमलकशाचा आदिवासींसाठीचा प्रकल्प, अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा, अपंगांसाठी संधिनिकेतन. पण साठच्या दशकातल्या आनंदनिकेतन महाविद्यालयाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ज्यांच्या सावलीलाही लोक भीत, त्यांनी राबून कॉलेज उभं केलं आणि गावची मुलं तिथे शिकायला आली.

तो १८९८ चा कायदा मात्र केंद्राने रद्द केला २०१६ मध्ये. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येई, ते कलम गेलं २०१९ मध्ये. बहुविध औषधोपचाराने, म्हणजे एकत्र दिलेल्या अनेक औषधांनी, हा रोग बरा होऊ लागून तोवर तीस वर्षं उलटली होती. देशात आजही वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात जा. गोळ्या फुकट मिळतात, आणि वेळेवर घेतल्या तर बोटं शाबूत राहतात.