तेलही गेले, तूपही गेले

हे धुपाटणं. पितळेचं, डमरूच्या घाटाचं. वर एक वाटी, खाली पालथी दुसरी, मध्ये बारीक कंबर. वरच्या वाटीत चुलीतले निखारे घ्यायचे, त्यांवर ऊद टाकायचा आणि तिन्हीसांजेला देवघरापासून गोठ्यापर्यंत धूर फिरवायचा. खालची वाटी म्हणजे नुसती बैठक. पण धुपाटणं उलटं केलं, तर तीही भरता येते. सगळा घोळ झाला तो तिच्यामुळे.

एक गडी तेल आणायला वाण्याकडे निघाला. भांडं म्हणून हाताला लागलं ते धुपाटणं. वाण्याने वाटी काठोकाठ भरून दिली. तेवढ्यात गड्याची नजर तुपावर गेली. आलोच आहोत, तर तेही नेऊ!

“कशात घालू?” वाण्याने विचारलं.

“हे काय, इकडे!” म्हणत त्याने धुपाटणं उलटं केलं. तेल जमिनीवर. ह्याला पत्ताच नाही. तूप घेऊन स्वारी ऐटीत घरी आली.

बायको म्हणाली, “अहो, तूप दिसतंय. तेल कुठाय?”

“खाली आहे की!” आणि दाखवायला त्याने धुपाटणं पुन्हा उलटं केलं.

तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले.

गोष्ट तोंडी चालत आलेली. त्यामुळे कुठे हा गडी कुणाचा नवरा असतो, कुठे आईने पाठवलेला मुलगा. शाळेत म्हणीचा अर्थ शिकवतात तो मूर्खपणाचा. तो खराच, पण आधी सुटला तो हव्यास. तेल घेऊन हा सरळ घरी आला असता, तर त्याचा मूर्खपणा कुणाला कळलाही नसता.

पंचतंत्रातला लोभी आठवतो? चार मित्र धन शोधायला निघतात. एक तांब्यावर थांबतो, दुसरा चांदीवर, तिसरा सोन्यावर. चौथा रत्नांच्या आशेने पुढे जातो आणि त्याच्या डोक्यावर फिरतं चक्र येऊन बसतं. रक्तबंबाळ शिक्षा! गंमत म्हणजे तिथलाच श्लोक सांगतो, अति लोभ करू नये, पण लोभ अगदी सोडूही नये. आपल्या म्हणीत ना चक्र, ना रक्त. लोभी माणसाचं फक्त हसं होतं, तेही घरच्यांसमोर.

निवडणुका आल्या की म्हणीला तेजी येते. मंत्रिपदाच्या आशेने कुणी पक्ष बदलतो. पद मिळत नाही, आणि जुनी जागाही दुसऱ्याने पटकावलेली असते. पारावरची मंडळी अशा वेळी अख्खी म्हण म्हणायचे कष्टही घेत नाहीत. “धुपाटणं!” एवढंच म्हणतात आणि पुढचा विषय काढतात.