कागद कळला तर जाब विचारता येतो

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका वकिलाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पोलिसांचा विषय काढला की आपल्या भागात चर्चा दोन मिनिटांत सीमाप्रश्नावर जाते. त्याला कारण आहे. १ जून १९८६ चा, कन्नडसक्तीविरोधी आंदोलनावरचा गोळीबार आठवणारी माणसं इथं समोर बसली आहेत. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आपण दरवर्षी जातो. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूर गावचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढल्यावर जो लाठीमार झाला, तो तरुण पोरांनीही पाहिलाय. या जखमा खऱ्या आहेत आणि त्यांच्याबद्दल बोलत राहिलंच पाहिजे. पण मोर्चातली लाठी चारचौघांत पडते. तिचे फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, पुढारी निवेदनं देतात. मला आज बोलायचंय ते स्टेशनच्या आत, रात्री, एकट्या सापडलेल्या माणसाचं काय होतं त्याबद्दल. त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पोलीस कन्नड म्हणून मारतात आणि आपण मराठी म्हणून मार खातो, हे गणित धरून बसलो तर आपल्या हाती काही लागणार नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत एक तरुण पोलीस कोठडीत मेला. पोलिसांनी त्याचा मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळला आणि आरोपी पळून गेला असं सांगितलं. पावसाळ्यात आपण धबधबे बघायला जातो तीच आंबोली. पोलीस मराठी, पोरगा मराठी, राज्य महाराष्ट्र. आणि आपल्याकडच्या लॉकअपमध्ये रायचूर-यादगिरीकडून मजुरीला आलेला कन्नड माणूस सापडला, तर त्याच्या वाट्याला आपल्या पोरापेक्षा वेगळं काही येत नाही. ज्याच्यामागं कुणी नाही, त्याच्यावर हात उठतो. आपल्या माणसाच्या बाबतीत त्यात एक भर पडते. त्याच्याबद्दल जे कागद तयार होतात, ते त्याला वाचता येत नाहीत. आज मी मुख्यतः या भरीबद्दल बोलणार आहे.

माझ्याकडं आलेलं एक प्रकरण सांगतो. नावं, गाव, स्टेशन काही सांगत नाही. ट्रॅक्टरवर ड्रायव्हर असलेला पोरगा. ऊस वाहतुकीचा हंगाम. शेतातल्या पाण्याच्या मोटारींच्या चोरीच्या संशयावरून त्याला मंगळवारी दुपारी उचललं. घरच्यांना सांगितलं, 'चौकशी आहे, संध्याकाळी सोडतो.' बुधवारी भाऊ डबा घेऊन गेला, तर डबा आत घेतला आणि भावाला बाहेर काढलं. गुरुवारी सकाळी अटक दाखवली आणि दुपारी मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं. म्हणजे कागदावर सगळं चोवीस तासांच्या आत. मधल्या दोन रात्री कुठल्याच कागदावर नाहीत, आणि सगळा मार त्या दोन रात्रींत झालेला.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी नियमाप्रमाणं कन्नडमध्ये विचारलं, पोलिसांबद्दल काही सांगायचंय का. पोराला बाजारापुरतं कन्नड येतं. कोर्टात, शेजारी तोच हवालदार उभा असताना, त्याला काय सुचणार? त्यानं मान हलवली. तक्रार नाही, अशी नोंद व्हायला तेवढं पुरतं. मी तेव्हा उठून विनंती केली की प्रश्न त्याला मराठीत विचारू द्या आणि पोलिसांना चार पावलं मागं उभं करा. साहेबांनी लगेच मान्य केलं, हे मला आवर्जून सांगायचंय. पोरानं पाय वर करून तळवे दाखवले. पुढचं काम सोपं झालं. वैद्यकीय तपासणीचा आदेश झाला. भावानं बुधवारचं बसचं तिकीट खिशात तसंच ठेवलं होतं, त्यावर तारीख आणि वेळ छापलेली. बुधवारी तो डबा घेऊन निघालाच कशाला, जर त्याचा भाऊ गुरुवारी सकाळपर्यंत मोकळा होता? त्या एका तिकिटानं आम्हाला जेवढी मदत केली, तेवढी मोठमोठ्या निवाड्यांनी केली नाही.

जामीन झाल्यावर मी त्याला विचारलं, सह्या किती केल्यास? म्हणाला, चार-पाच. कशावर? माहीत नाही, कन्नडमध्ये होतं. त्यातला एक कागद जप्तीचा पंचनामा होता. हा कागद एवढा महत्त्वाचा का, ते समजून घ्या. पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे आणि नव्या साक्ष अधिनियमातही तो ठेवलाय. पण आरोपीनं दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. कोठडीतला बराचसा मार या एका फटीसाठी असतो. 'मी दाखवतो' असं म्हणायला लावायचं, मोटार काढून दाखवायची आणि कागदावर सही घ्यायची. सही केलेल्या माणसाला आपण काय कबूल केलं हे वकिलाच्या ऑफिसात महिन्यानं कळतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. अटक करताना कारण सांगणं हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. पण कुठल्या भाषेत? हा प्रश्न १९६२ मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढं आला होता, हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात. स्थानबद्ध केलेल्या, म्हणजे खटल्याशिवाय डांबलेल्या माणसाला कारणं इंग्रजीत दिली होती. त्यानं हिंदीत मागितली, तर शासनानं नकार दिला. अधिकाऱ्यानं तोंडी समजावून सांगितलंय, असं उत्तर दिलं गेलं. न्यायालय म्हणालं, तेवढ्यानं भागत नाही, त्याला कळणाऱ्या भाषेत द्या. तो स्थानबद्धतेचा खटला होता, साध्या अटकेचा नव्हता. साध्या अटकेपर्यंत हे यायला फार काळ गेला. ६ नोव्हेंबर २०२५ ला मिहिर शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि अटक झालेल्या माणसाला कळणाऱ्या भाषेत द्यायची. अटकेच्या वेळी देणं अगदीच शक्य नसेल तर तेव्हा तोंडी सांगायची, पण रिमांडसाठी, म्हणजे पुढच्या कोठडीच्या आदेशासाठी, मॅजिस्ट्रेटपुढं नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाही दिला, तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा.

तो खटला मुंबईतल्या वरळीच्या महागड्या गाडीच्या अपघाताचा होता. आरोपी कोण होता ते सोडा. त्या निवाड्यातलं हे वाक्य आपल्या ट्रॅक्टर ड्रायव्हरसाठी सोन्यासारखं आहे आणि ते वापरायचं काम आपल्या वकिलांचं आहे. मला खंत आहे की आपल्या भागात मराठी परिपत्रकांसाठी आपण जेवढं भांडलो, त्याच्या निम्म्यानंही अटकेच्या कागदासाठी भांडलो नाही. पालिकेची नोटीस कन्नडमध्ये आली तर फार तर दंड भरावा लागतो. अटकेचा कागद कळला नाही तर माणूस हिंडलग्याच्या जेलमध्ये जातो.

तक्रार देणाऱ्याचीही तीच गत आहे. अनुच्छेद ३५० सांगतो की गाऱ्हाणं मांडणारा अर्ज कुठल्याही अधिकाऱ्याला, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. त्यामुळं 'कन्नडमध्ये लिहून आणा' म्हणून अर्ज परत करणं चूक आहे. दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येते अशा गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे ललिताकुमारी खटल्यात २०१३ मध्ये ठरलं. पण आपल्याकडं काय होतं? अर्ज घेतात, 'पिटिशन' म्हणून ठेवतात, दोन्ही पार्ट्यांना बोलावतात आणि साहेबांच्या टेबलापुढं तडजोड लावतात. गरिबाची केस तिथंच संपते. पोच मागा. एफआयआर वाचून दाखवायला लावा, मगच सही करा, आणि प्रत घ्या, ती फुकट मिळते. साक्षीदार म्हणून जबाब द्यायला गेलात तर एक लक्षात ठेवा: तपासात पोलिसांना दिलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, कायदा तसं म्हणतो. स्टेशन रायटर 'इथं सही करा' म्हणाला, तर हा कागद कसला, एवढं नम्रपणे विचारा. बाई असेल किंवा साठीच्या पुढचं माणूस असेल, तर साक्षीदार म्हणून त्यांना स्टेशनात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. आपल्या किती आया-बहिणी दिवसभर त्या बाकावर बसून आल्यात!

पोलिसांनी हात उचलणं हा गैरवर्तनाचा एक प्रकार. वेळेवर न येणं हा दुसरा, आणि तो आपण सहज माफ करतो. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात होसवंटमुरीला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मुलगा एका मुलीबरोबर निघून गेला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून फिरवलं, खांबाला बांधलं. कर्नाटक उच्च न्यायालयानं पेपरातल्या बातमीवरून स्वतःहून दखल घेतली. मुख्य न्यायमूर्ती तेव्हा प्रसन्न वराळे होते, आपल्या निपाणीचे. न्यायालयानं पोलिसांच्या दिरंगाईचा जाब विचारला, निरीक्षक निलंबित झाला, आणि बघत उभ्या राहिलेल्या गावालाही न्यायमूर्तींनी सोडलं नाही. मदतीला धावलेल्या माणसाचं त्यांनी कौतुक केलं आणि बाकीच्यांना काय म्हणायचं, असं विचारलं. मला तो प्रश्न आपल्या सगळ्यांना विचारलेला वाटतो. शेजारच्या घरातून पोराला उचलून नेतात तेव्हा आपण खिडकी लावून घेतो.

तर दाद कुठं मागायची? एसपी, म्हणजे जिल्ह्याचे पोलीस प्रमुख, किंवा शहरात असाल तर कमिशनर, मग मॅजिस्ट्रेट, हा रस्ता फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. एक जागा मात्र कुणालाच माहीत नसते. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक राज्यात आणि जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण करायला सांगितलं. डीवायएसपी म्हणजे उपअधीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांची तक्रार जिल्ह्याला, त्यावरच्यांची राज्याला. जिल्ह्याच्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावा, असंही न्यायालयानं सांगितलं होतं. कर्नाटकानं २०१२ मध्ये कायदा दुरुस्त करून ही प्राधिकरणं आणली. या सभागृहात किती जणांनी तिथं अर्ज केलाय? एकही हात वर नाही. जी जागा कुणी वापरत नाही, ती रिकामी ठेवायला सरकारला कसलीच अडचण नसते. म्हणून अर्ज गेले पाहिजेत. मानवाधिकार आयोगाकडं घटनेपासून एक वर्षाच्या आत जा. राष्ट्रीय आयोगाला मराठीत लिहिलेली तक्रार चालते.

खटला भरायचा झाला तर भिंत लागते, तेही लपवत नाही. सरकारी नोकरावर खटल्याला सरकारची मंजुरी लागते, त्यावर पोलिसांसाठी अशीच मंजुरी मागणारं कर्नाटक पोलीस कायद्याचं कलम १७० आहे. २०२० मध्ये कर्नाटकातल्याच देवराज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कर्तव्य करताना मर्यादा ओलांडली, पण त्या कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल, तर मंजुरी हवीच. मला हा निवाडा जड जातो. कोठडीत तळव्यांवर मारणं हे कुठल्या कर्तव्याचा भाग म्हणायचं? पण आज कायदा हा आहे, आणि तो माहीत असल्याशिवाय केस टाकली तर पहिल्याच पायरीवर पडते.

भरपाईचा रस्ता मात्र त्या भिंतीला वळसा घालून जातो. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा नावाच्या आईनं १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. बावीस वर्षांच्या मुलाला पोलिसांनी नेलं आणि दुसऱ्या दिवशी तो रेल्वे रुळांवर मेलेला सापडला. पोलीस म्हणाले, पळाला आणि गाडीखाली आला. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं, पोलिसांची गोष्ट नाकारली आणि १९९३ मध्ये दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. आज सगळीकडं कोठडीतल्या अत्याचाराला मिळणारी भरपाई त्या आईच्या पत्रावर उभी आहे. आपल्याला अशा याचिकेसाठी बंगळूरही गाठावं लागत नाही, उच्च न्यायालयाचं पीठ धारवाडला आहे.

शेवटी कॅमेऱ्याचं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात, आवारात कॅमेरे लावायला सांगितले, आणि चित्रण अठरा महिने ठेवायला, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष. उचलून नेलेल्या माणसाचे घरचे माझ्याकडं येतात तेव्हा पहिले काही दिवस रडण्यात आणि पुढाऱ्यांच्या घरी खेपा घालण्यात गेलेले असतात. त्याऐवजी पहिल्याच दिवशी एक अर्ज द्या: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं चित्रण जपून ठेवा. ठाण्याला एक प्रत, एसपी ऑफिसला एक, मॅजिस्ट्रेटला एक, स्पीड पोस्टानं. चित्रण नंतर मिळालं तर उत्तम. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं, तरी ते उत्तर लेखी आलेलं असतं आणि त्याचा जाब कोर्टात द्यावा लागतो. त्या पोराच्या केसमध्ये असा अर्ज वेळेत गेला असता, तर त्या दोन रात्रींसाठी आम्हाला बसच्या तिकिटावर विसंबावं लागलं नसतं.

वकील परवडत नाही असं म्हणू नका. कोठडीतल्या माणसाला, बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० वर फोन करा. आणि माझ्या तरुण वकील मित्रांना सांगतो, विधी सेवेच्या पॅनेलवर मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिता-वाचता येणारे वकील हवेत, तुम्ही नावं द्या. चित्रण जपण्याच्या अर्जाचा आणि अटकेची कारणं मराठीत मागण्याच्या अर्जाचा नमुना, समोरासमोर मराठी-कन्नड छापलेला, दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. जाताना दोन-दोन प्रती न्या, एक गल्लीतल्या मंडळात लावा. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मावशी मघापासून हात वर करून आहेत, आधी त्या बोलू देत.