लक्ष्मीधराचे दागिने

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो असा : ‘संगीत नाटकाचे चित्रपटीय रूपांतर : तीन अडचणी’. शीर्षक माझं नाही, सचिवांचं आहे. मी त्यांना फोनवर एवढंच म्हणालो होतो की ‘मानापमान’चा सिनेमा पाहून डोकं फिरलंय आणि कुठंतरी बोलल्याशिवाय ते ताळ्यावर यायचं नाही. अडचणी मात्र खरंच तीन आहेत. येतो त्यांच्याकडे.

१० जानेवारी २०२५ला सिनेमा लागला. संक्रांत तोंडावर, नागपूरची थंडी, आणि मी मफलर गुंडाळून पहिल्याच दिवशी हजर. बायको म्हणाली, “काऊन इतकी घाई? तिथं काय बालगंधर्व येऊन राहिले का?” मी म्हटलं, येतील. कुठल्या तरी तानेत पाच सेकंद का होईना, येतील. बाप्पा! अडीच-पावणेतीन तास वाट पाहिली.

गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. धैर्यधर शूर पण गरीब सेनापती, भामिनी श्रीमंताघरची. ती त्याला हिणवते, मग वनमाला बनून त्याला पारखते आणि स्वतःच त्याच्यात गुंतते. आणि लक्ष्मीधर म्हणजे पैसा उदंड, हिंमत शून्य. नाटककार खाडिलकरांचं ‘कीचकवध’ हे नाटक इंग्रज सरकारनं १९१० साली बंद पाडलं होतं. त्या माणसानं १२ मार्च १९११ला ही हसरी प्रेमकथा रंगभूमीवर आणली. किर्लोस्कर मंडळी, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्वांची. त्या दिवशी घरात मूल गेलेलं असताना ते उभे राहिले, हेही तुम्ही ऐकलंय. त्यात मी वेळ घालवत नाही.

वेळ घालवणार आहे तो आमच्या काकावर.

नागपूरच्या महाल भागात आमचा वाडा होता. १९७० नंतरची गोष्ट, मी शाळकरी पोट्टा. गणपतीत वाड्यातल्या मंडळींनी ‘मानापमान’ बसवलं. काकाच्या वाट्याला लक्ष्मीधर. आता लक्ष्मीधर म्हणजे दागिने हवेत. नकली दागिने भाड्यानं मिळायचे, पण काका म्हणाला, नकली घालून मला श्रीमंती येत नाही. मग वाड्यातल्या बायकांकडून खरे मागून आणले. शेजारच्या काकूंनी चपलाहार दिला, पण अटीवर : त्या पहिल्या रांगेत बसणार आणि हारावरून नजर काढणार नाहीत.

नाटक सुरू झालं. काका रंगात आलेला. घाबरून पळायची जागा आली, काकानं धोतराचा सोगा धरला आणि धूम ठोकली. तोच पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज : “मेल्या, हळू पळ! फासा ढिला आहे त्याचा!” मांडवात हशा. काका पळता पळता थांबला. मानेमागं हात नेला, शांतपणे फासा घट्ट केला, काकूंना नमस्कार केला आणि पुन्हा घाबरून पळाला. लोकांनी वन्समोर मागितला! पळण्याला वन्समोर मिळालेला मराठी रंगभूमीवरचा तो एकटाच नट असेल. काकानं वन्समोर दिलासुद्धा. पुढं जन्मभर त्याला कोणी नावानं हाक मारली नाही. रेशनच्या दुकानातही ‘लक्ष्मीधर’.

हसून घ्या, पण ही गोष्ट मी हसवायला सांगत नाहीये. त्याच रात्री दुसरी एक गोष्ट झाली. धैर्यधर झालेले गृहस्थ तारघरात नोकरीला होते, दिवसभर कट्ट-कडकट्ट करून संध्याकाळी तालमीला यायचे. त्या दिवशी घसा बसलेला. ‘रवि मी’ या पदाला उभे राहिले. पेटीवाल्यानं सूर दिला, यांनी वर जायचा प्रयत्न केला आणि आवाज फाटला. चरचरीत, जुन्या धोतरासारखा. मांडव चिडीचूप. ते थांबले. विंगेतून तांब्या मागवला, लोकांसमोर दोन घोट प्यायले. पेटीवाल्याकडं वळून हळूच म्हणाले, “दोन पट्ट्या खाली घ्या.” आणि खालून सुरू केलं. तब्बल तीन वन्समोर! माझे वडील शेजारी बसून डोळे पुसत होते. मला कळेना, फाटक्या आवाजाला एवढं काय?

मला ते कळलं २०२५च्या जानेवारीत, वातानुकूलित अंधारात बसून, मफलर असूनही कुडकुडत.

सचिवांची चिठ्ठी आली आहे : ‘१० मिनिटे. अडचणी?’ हव ना भाऊ, सुरूच करतो.

पहिली अडचण गळ्याची. ‘मानापमान’ कशाबद्दल आहे? माणसाची किंमत त्याच्या स्वतःजवळ जे आहे त्यावर व्हावी, अंगावर काय घातलंय त्यावर नको. रंगमंचावर ते सिद्ध कसं व्हायचं? धैर्यधर तलवारीचे दोन हात करायचा, पण खरं शौर्य दिसायचं ते तो स्वतःच्या गळ्यानं तिथं, त्या क्षणी, सगळ्यांसमोर गायचा तेव्हा. पडला तर सगळ्यांसमोर पडेल. ८ जुलै १९२१ला दोन नाटक कंपन्यांनी मिळून संयुक्त ‘मानापमान’ केलं, केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी, टिळक स्वराज्य फंडासाठी. लोकांनी जीव टाकला तो दोन गळे समोरासमोर उभे राहणार म्हणून. ऑक्टोबरात केशवराव गेलेच. सिनेमात नायकाचा चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. म्हणजे मागून आणलेला चपलाहार. आणि हा हार इतका झाळून-पॉलिश करून दिलेला की फासा ढिला पडायची सोयच नाही. भव्य महाल, झुंबरं, उंची वस्त्रं... मी धैर्यधराला भेटायला गेलो होतो, पडद्यावर लक्ष्मीधरच आला!

आता मागच्या रांगेतले तात्या हात वर करणारच. तात्या, खाली घ्या, उत्तर देतो. तुम्ही म्हणणार, ‘कट्यार काळजात घुसली’च्या सिनेमातही गळे उसने होते, तेव्हा तर तू टाळ्या वाजवल्यास. वाजवल्या. २०१५ साली त्याच दिग्दर्शकाचा, सुबोध भाव्यांचा सिनेमा, आणि नाटक तर आपल्या दारव्हेकर मास्तरांचं, नागपूरचं पाणी! मी तीनदा पाहिला. त्यातल्या गवई खाँसाहेबांच्या तोंडी राहुल देशपांड्यांचा आवाज होता. पण तो वसंतराव देशपांड्यांचा, म्हणजे नाटकातल्या मूळ खाँसाहेबांचा नातू, हार घरचाच होता म्हणा. हे झालं गमतीचं उत्तर.

खरं उत्तर हीच दुसरी अडचण. ‘कट्यार’मधली माणसं गवई आहेत. ती गातात कारण गाणं हा त्यांचा धंदा आहे, भांडण आहे, जीव आहे. कॅमेऱ्याला ते पटतं. ‘मानापमान’मध्ये कोणी गवई नाही. तिथं माणसं रुसताना गातात. भामिनी ‘नाही मी बोलत नाथा’ म्हणते आणि तेच घोळवून घोळवून दहा मिनिटं बोलते! मांडवात बसलेल्याला यात काही वावगं वाटत नाही, कारण नाटक कंपनीनं आणि आपण मिळून तो करार केलेला असतो. खरी घोडी, खरं ऊन आणि नटीच्या पापण्या मोजता येतील इतका जवळचा कॅमेरा आला की करार मोडला. मग सिनेमावाले घाबरतात, पदं आटपती घेतात, नवी गाणी घालतात. शंकर-एहसान-लॉय यांच्या चाली वाईट नाहीत हो, माझ्या पुढे बसलेली कॉलेजातली मुलगी बाहेर पडताना एक गुणगुणत होती. बरं वाटलं. पण टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्यांतून उचललेली ती लाडिक मुरकी मध्ये कुठंतरी गळाली.

तिसरी अडचण... दुसरी चिठ्ठी. बरं, एका दमात. सिनेमात चंद्रविलास म्हणून खलनायक आणलाय. सुमित राघवन जीव तोडून करतात. पण खाडिलकरांना खलनायक लागला नव्हता, त्यांचा प्रतिस्पर्धी हसण्यावारी न्यायचा भित्रा होता. दुष्ट माणूस आला की लढाई येते, सूड येतो, आणि भामिनीचा गर्व, जो खरा शत्रू आहे, तो बाजूला बसून पाहत राहतो. यावर अर्धा तास बोलायचं होतं. काकानं खाल्ला.

सभागृह नऊला रिकामं करायचं आहे, शिपाई दारात किल्ल्या वाजवतोय. पण पेटी मुद्दाम आणवली आहे, ती परत नेऊन कशी चालेल? घसा सकाळपासून बरा नाही. ‘रवि मी’च घेतो. बुवा, सूर द्या... नाही, थोडा खाली. अजून दोन पट्ट्या खाली. हां. आणि तो तांब्या इकडं सरकवा.