बाग ऐच्छिक, बँड लष्करी

मंडळी, बागेवर व्याख्यान म्हटल्यावर तुम्ही झाडाफुलांच्या अपेक्षेनं आला असाल. मला मात्र बागेतल्या गाण्याच्या मंचाबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात मी कायद्यापासून करणार आहे. ज्यांना डुलकी घ्यायची आहे त्यांनी आत्ताच घ्यावी.

१९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. या कायद्यानं नगरपालिकांच्या कामांचे दोन गट केले. दिवाबत्ती, झाडलोट, गटारं ही करावीच लागणारी कामं. बागा, वाचनालयं ही जमलं तर करायची. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलो, १९६४ ला तिथला नवा कायदा आला, आणि त्यातही बाग ऐच्छिकच राहिली. सीमाप्रश्नावर बोलायला माझ्यापेक्षा चांगले वक्ते समोरच बसलेत, म्हणून मी बागेबाहेर जात नाही. एवढंच सांगतो, की तालुक्याच्या गावात बाग उशिरा का आली आणि आल्यावर तिच्या दारावर देणगीदाराची पाटी का लागली, याचं निम्मं उत्तर या दोन गटांत आहे.

कॅम्पात, म्हणजे लष्कराच्या वस्तीत, तसं नव्हतं. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला, पुढे छावणी वसली, आणि पलटणीबरोबर बँड आला. बागेत बँडसाठी मंडप बांधायची टूम विलायतेची. लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या बागेत १८६१ साली असे मंडप झाले. मुंबईत कूपरेजचा १८६७ चा. घडण साधारण एकच: अष्टकोनी चौथरा, बारीक खांब, वर छत, भिंत कुठेच नाही. कारण ऐकणारा चालत असे. साहेब-मडमा फेऱ्या मारत, एखादी धून कानावर पडे, पुढे जात. सगळीकडून थोडं थोडं ऐकू आलं की झालं.

आपला श्रोता बसणारा. कीर्तनाला बसतो, भजनाला बसतो, रात्रभर नाटकाला बसतो. संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, सुळेभावीचा. ज्या मुलखाचे कान असे, तिथे चारी बाजूंनी उघड्या चौथऱ्यावर गवयाला बसवलं तर निम्म्या लोकांच्या वाट्याला त्याची पाठ येते! बहुतेक चौथरे पुढे भाषणांना आणि पोरांच्या लपंडावाला उपयोगी पडले, यात मला नवल वाटत नाही.

त्याच १९२४ सालच्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि ते इथे. अधिवेशनाच्या वस्तीला विजयनगर नाव दिलं होतं, पाण्यासाठी विहीर खणली होती. गंगूबाई हनगल तिथे गायल्या, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. बेळगावच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं व्यासपीठ हे, आणि ते होतं बांबू-कापडाचं. अधिवेशन संपलं, मांडव उतरला. उरली विहीर. आज तिच्याभोवती बाग आहे, अधिवेशनाचं स्मारक वीरसौध आहे. संध्याकाळी तिथे फिरणाऱ्यांना विचारून बघा, गाणं कुठे झालं ते. विहीर कुठे आहे, हे मात्र सगळे सांगतील.

व्हॅक्सिन डेपोचंही तसंच. देवीची लस तयार करण्यासाठी राखलेलं ते आवार. झाडं वाढली, लोक सकाळी फिरायला जाऊ लागले. कुणी ठरवून केलेली बाग नव्हे ती, पण ठरवून केलेल्या कित्येक बागांपेक्षा बरी.

आता शिंपल्यासारखा रंगमंच. मागे वक्र भिंत, वर तिचंच छत, तोंड श्रोत्यांकडे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. मागे जाणारा आवाज भिंत पुढे परतवते, म्हणून शेवटच्या रांगेला थोडं जास्त मिळतं. आता कर्णे आहेत, मग भिंत कशाला, असं विचाराल. कर्णे आहेत म्हणूनच शेजारच्या गल्लीला रात्री झोप नाही. भिंतीनं आवाज बागेत ठेवता आला, तर कर्ण्याचा कान थोडा पिळता येईल.

जिथे नवी बाग होते आहे तिथल्या नगरसेवकांना माझी विनंती दिशेची आहे. आपला पाऊस पश्चिमेकडून येतो, चार महिने झोडपतो. भिंतीची पाठ पश्चिमेला ठेवा. पाऊस पाठीवर पडेल, मंच कोरडा राहील, उतरतं ऊन गाणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार नाही. आणि समोर खुर्च्या बोल्ट मारून बसवू नका. सतरंजी अंथरायला मोकळी जमीन ठेवा. खर्चही कमी येतो, आणि ऐच्छिक कामाला सभागृहात मंजुरी मिळवायची तर खर्चाचाच मुद्दा चालतो.