साडेआठची बाटली

श्रोतेहो, नमस्कार.

वर्गाच्या चार भिंतींबाहेर आपली मुलं काय करतात, काय मिळवतात, यावर आज मला तुमच्याशी बोलायचं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी सगळी नोकरी गेली. सगळी मराठवाड्यातच. त्यामुळे सांगेन ते पाहिलेलंच सांगेन.

वर्गाबाहेरचं म्हटलं की पहिल्यांदा आठवतं मैदान. आणि मैदान म्हटलं की आपल्याकडे खो-खो. का खो-खो? कारण त्याला लागतं काय? दोन खांब, रेषा आखायला फक्की आणि बारा पोरं. बॅट नको, नेट नको, बूटसुद्धा नकोत. आपली काळी माती पावसात पायाला किलोकिलोनं चिकटते, म्हणून एक-दोन ट्रॉली मुरूम पडला की झालं मैदान. अशाच खेळातून धाराशिवच्या सारिका काळे पुढे आल्या आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो आपल्या मुलींनी जिंकला, आणि त्या संघाची कर्णधार होती प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. धावण्यात बघा, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, त्यानं रौप्य पदक आणलं. त्या शर्यतीतली तिन्ही पदकं त्याआधी वीसेक वर्षं केनियाच्या बाहेर गेली नव्हती. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. पण शाळेच्या मुलांना हे नाव घेऊन, गाव सांगून सांगावं. मांडवा कुठं आहे ते नकाशात बोट ठेवून दाखवावं.

इथे एक गोष्ट बोलून घेतो, मनात राहते म्हणून. झेंडावंदन असो, स्नेहसंमेलन असो, पाहुणे दीड तास उशिरा येतात आणि तोवर लेझीमची पोरं उन्हात उभी असतात. पोरांना सावलीत बसवा. पाहुणे आले की दोन मिनिटांत पोरं रांगेत येतात. मी मुख्याध्यापक झाल्यावर हेच केलं, त्यावरून बोलणीही ऐकली, पण बदललो नाही.

तर, आज मला जास्त सांगायचंय ते मैदानाच्या कोपऱ्यातल्या एका बाटलीबद्दल. प्लास्टिकची साधी बाटली.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद तुम्ही ऐकली असेल. १९९३ पासून चालते. दहा ते सतरा वर्षांची मुलं आपल्या गावातला एखादा प्रश्न घेतात, मोजतात, लिहितात आणि मांडतात. आमच्या शाळेतल्या पाच मुलांनी विषय घेतला, ‘आपल्या गावात पाऊस किती पडतो?’ गाव टँकरचं. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण कुणी विसरलेलो नाही. आमच्या गावात रेल्वे नव्हती, टँकर होता. त्यामुळे पावसाबद्दल बोलणारे घरोघर. पण मोजणारं कुणीच नाही. ‘लई झाला’, ‘भुरभुर झाला’, ‘ढेकूळ फुटेल एवढा झाला’, अशी आमची मापं.

मुलांनी सरळ उभ्या बाजूंची बाटली घेतली. वरचा निमुळता भाग कापला आणि उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यातच बसवला. बाटलीचा तळ खाली खड्ड्याखड्ड्यांचा असतो, तिथं माप चुकतं. एका मुलाच्या घरी घरकुलाचं काम चालू होतं. त्यानं मूठभर सिमेंट आणून तळ सपाट केला. सिमेंट वाळल्यावर जिथं वरची पातळी, तिथं शून्य. बाहेरून पट्टी चिकटवली. झालं पर्जन्यमापक. तोंड आणि पोट एकाच रुंदीचं असलं की पट्टीवर जेवढे मिलिमीटर, तेवढाच पाऊस. पुन्हा सांगतो, तोंड आणि पोट एकाच रुंदीचं हवं.

पहिल्यांदा ती बाटली ठेवली कडुनिंबाखाली, सावलीत, कुणी पाडू नये म्हणून. आठ दिवसांनी एक मुलगी म्हणाली, “सर, झाडाखाली पाऊस थांबल्यावरबी ठिबकतंय, आणि बारीक पाऊस आला तर खाली येतच नाही.” मी म्हटलं, मग काय करायचं? तिनं दुसरी बाटली केली आणि मैदानाच्या मध्याकडे उघड्यावर ठेवली. दोन्हीत रोज फरक. त्या दिवसापासून झाडाखालची बाटली निवृत्त झाली. (कडुनिंबाचा विषय निघाला म्हणून सांगतो, शाळेत झाड लावायचं तर कडुनिंब लावा, वड लावा, चिंच लावा. गुलमोहर फुलतो छान, पण वादळात त्याच्या फांद्या मोडतात आणि खाली पोरं खेळत असतात.)

वेळ ठरली सकाळी साडेआठ. हवामान खातंही सकाळी साडेआठलाच पावसाची नोंद घेतं, मागच्या चोवीस तासांची. म्हणून साडेआठ. रविवार असो, पोळा असो, गणपती असो. साडेआठ.

प्रकल्प जिल्ह्यापर्यंत गेला आणि तिथून परत आला. पुढे निवड झाली नाही. प्रमाणपत्रं मिळाली, फोटो काढले, विषय संपला, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत आलो तर तीच मुलगी वही घेऊन बाटलीजवळ उभी. मी म्हटलं, “अगं, स्पर्धा संपली की.” ती म्हणाली, “पाऊस कुठं संपलाय?”

श्रोतेहो, माझ्या लेखी त्या शाळेचं सगळ्यांत मोठं यश ती सकाळ आहे. स्पर्धा संपल्यानंतरची सकाळ.

पुढची गोष्ट दोन पावसाळ्यांनंतरची. ती मुलगी तेव्हा आठवीत. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं, लेझीम झालं, जिलेबी वाटली, आणि संध्याकाळी आभाळ भरून आलं. रात्रभर कोसळला. पत्र्यावर असा आवाज की घरातल्या घरात बोललेलं ऐकू येईना. सकाळी ओढा दोन्ही काठ सोडून वाहत होता. मुलगी राहायची ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. येणार कशी?

ती ओढ्याच्या काठापर्यंत आली. छत्री फाटलेली, डोक्यावर युरियाचं पोतं. अलीकडच्या काठावर सातवीतला एक मुलगा गुरांना बघायला आला होता. तिनं तिकडून हाक मारून त्याला शाळेत पिटाळलं. तो धावत गेला, बघून परत आला आणि ओरडला, “त्र्याण्णव!” ती पलीकडून म्हणाली, “वरून बघितलं का बसून? खाली बस, डोळा पाण्याच्या बरोबरीनं धर, मग वाच.” पाण्याची पातळी वरून पाहिली तर आकडा चुकतो, हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. पोरगं पुन्हा पळालं. पुन्हा आलं. “त्र्याण्णवच!”

मी दहाच्या सुमारास भिजत शाळेत पोचलो, तेव्हा खिचडी करणाऱ्या ताई वही पदराखाली झाकून बसल्या होत्या. तारीख १८. त्यापुढे त्या मुलाच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं, ‘९३ मिमी. दोनदा बघितलं.’

आता हे त्र्याण्णव म्हणजे किती? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटर. मग मुलांनी फळ्यावर गुणाकार केला. त्र्याण्णव मिलिमीटर म्हणजे एकरी पावणेचार लाख लिटर. बारा हजार लिटरचा टँकर धरला तर एकतीस टँकर. एका रात्रीत, एका एकरावर, एकतीस टँकर. ज्या गावानं मे महिन्यात टँकरमागे घागरी घेऊन धाव घेतली होती, त्या गावाच्या मुलांनी हा हिशेब केला तेव्हा वर्गात कुणी काही बोललंच नाही. आजही तो फळा माझ्या डोळ्यांसमोर आहे.

सोयाबीन शेंगांनी लगडलेलं होतं, ते पाण्यात उभं. ओढ्याकाठची माती खरडून गेलेली. अतिवृष्टी धरायला महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो, हे आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे. मंडळाचं यंत्र आमच्यापासून अकरा किलोमीटरवरच्या गावात. तिथं आकडा आला अठ्ठेचाळीस. झालं, आमचं गाव मदतीच्या यादीतून बाहेर. आपला पाऊस कसा पडतो ते तुम्हाला सांगायला नको. बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं राहतं. आणि अख्ख्या मंडळाला यंत्र एक. प्रत्येक गावात मोजणी हवी, हे माझं म्हणणं तेव्हाही होतं, आजही आहे.

गावातली माणसं तालुक्याला जाऊन बसली. चार दिवसांनी एक साहेब गावात आले. चावडीवर गर्दी, आवाज चढलेले. सरपंचांनी मला निरोप धाडला, वही घेऊन या. मी म्हटलं, वही माझी नाही. ज्यांची आहे त्यांना आणतो. पाचही जण माझ्याबरोबर आले.

साहेबांनी वही घेतली. दोनशे पानी, कोपरे दुमडलेले, पावसाचे डाग पडलेले. आधी त्र्याण्णव बघितलं, मग मागची पानं चाळायला लागले. जुलैच्या एका तारखेवर त्यांचं बोट थांबलं. तिथं लिहिलं होतं, ‘बाटली कुत्र्याने पाडली. किती झाला ते माहीत नाही.’ आणखी मागे, ‘मी मामाच्या गावाला. कुणी मोजलं नाही.’

साहेबांनी विचारलं, “हे कशाला लिहिलं? अंदाजे आठ-दहा टाकायचे.”

मुलगी उभी राहिली. “अंदाजे लिहिलं तर बाकीच्या दिवसांचंबी खोटं होईल की, सर.”

चावडी शांत झाली. साहेबांनी वही मिटली, पुन्हा उघडली, बाटली बघायची म्हणाले. सगळी माणसं त्यांच्यामागे शाळेत. तिनं त्यांना खाली बसून, डोळा पातळीला लावून कसं वाचायचं ते दाखवलं. साहेब मुरमावर गुडघा टेकून बसले.

पुढे काय झालं ते आहे तसंच सांगतो. वहीवर सरकारी शिक्का नव्हता, मंडळाचा आकडा अठ्ठेचाळीसच राहिला. पण दुसऱ्या दिवशी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक शिवारात आले, बांधाबांधावर फिरले. ज्यांची ओढ्याकाठची जमीन खरडून गेली त्यांचे पंचनामे झाले आणि त्यांना काही मदत मिळाली. सगळ्यांना मिळाली नाही. ज्यांना नाही मिळाली त्यांत त्या मुलीचे वडीलही होते. तरी त्या दिवसानंतर गावात कुणी ‘लई झाला’ म्हणेना. म्हणायचे, “पोरींना विचार किती झाला.”

वेळ थोडा राहिला, तर एवढंच. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आहेत, स्काउट-गाइड आहे, हरित सेना आहे, विज्ञान प्रदर्शन आहे. चित्रकलेला, खेळाला दहावीत वाढीव गुण मिळतात, ते मिळवावेत. पण नववीत गेलं की खेळाचा तास गणिताला द्यायचा, चित्राची वही बंद करायची, हे मला पटलेलं नाही. पालकांनीच मुख्याध्यापकांना जाऊन सांगावं, आमच्या पोरांचा खेळाचा तास खेळालाच ठेवा. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेत शिक्षक होते, आणि मग मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. शाळा गावाशी किती जोडलेली असू शकते, ते आपल्याला बाहेरून शिकायला नको.

आणि आपल्या गावच्या शाळेत बाटली बसवायची असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. झाडापासून, भिंतीपासून लांब, म्हणजे झाड जेवढं उंच त्याच्या दुप्पट अंतरावर. आणि वेळ सकाळी साडेआठ. झाडापासून लांब, आणि साडेआठ.

ती मुलगी आता परभणीला कृषी विद्यापीठात शिकते. प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत पिवळं पडतं, तडकतं, पट्टीवरचे आकडे उडतात. दर वर्षी रोहिणी निघाल्या की तिचा मला फोन येतो. तब्येत विचारते, शेताचं विचारते आणि मग म्हणते, “सर, शाळेत बाटली नवीन बसवली का?” यंदा फोन आला तेव्हा मी शाळेतच होतो. सहावीतल्या दोन मुली तळाला सिमेंट लावत होत्या. मी फोन त्यांच्या हातात दिला.

नमस्कार.