चूल असलेलं चर्च, आणि बार्बरा

हे जे चर्च तुम्हाला स्क्रीनवर दिसतंय ना, चारी बाजूंनी उंच उंच बिल्डिंगा आणि मधेच हे एवढंसं, हे न्यूयॉर्कच्या जॉन स्ट्रीटवरचं मेथडिस्ट चर्च, मेथडिस्ट म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांमधला एक पंथ. ही इमारत 1841 ची, त्या जागेवरची तिसरी. पण आपल्याला पहिलीबद्दल बोलायचंय, आणि खरं सांगायचं तर इमारतीबद्दल नाहीच, एका बाईबद्दल बोलायचंय जिनं आयुष्यात एकदाही पुलपिटवर, म्हणजे चर्चमधल्या प्रवचनाच्या चौथऱ्यावर, उभं राहून संदेश दिला नाही आणि तरी ही मंडळी, म्हणजे इथला एकत्र उपासना करणारा समुदाय, तिच्यामुळे उभी राहिली. बार्बरा हेक. मी तिला एकेरीतच म्हणणार आहे, आपल्या आजीला म्हणतो तसं.

जन्म 1734, आयर्लंडमधल्या लिमरिकजवळच्या बॅलिंग्रेन गावात. घरचे लोक मूळ जर्मन, त्यांचे वाडवडील 1709 च्या सुमारास जर्मनीतून निर्वासित होऊन तिकडे आलेले. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या प्रचारातून त्या वस्तीत मेथडिस्ट मंडळी तयार झाली, बार्बरा त्यातच वाढली. 1760 ला पॉल हेकशी लग्न झालं आणि त्याच वर्षी नवराबायको, काही नातेवाईक, शेजारी असे सगळे जहाजात बसून न्यूयॉर्कला आले. त्यात तिच्या नात्यातला फिलिप एम्बरी पण होता. फिलिप तिकडे आयर्लंडमध्ये संदेश द्यायचा, पण इकडे आल्यावर सुतारकाम, थोडी शिकवणी, संसार... आणि संदेश देणं बंदच झालं. तसं वाईट काहीच घडलं नव्हतं, कुणी विश्वास सोडला वगैरे नाही, फक्त हळूहळू सगळं थंड झालं. हे असं थंड होणं किती सहज होतं हे ज्यांनी एखादी प्रार्थनासभा बंद पडताना बघितलीय त्यांना मी काय सांगू.

सहा वर्षं अशी गेली. 1766 मध्ये एकदा बार्बरा एका घरात गेली तर आपलीच माणसं पत्ते खेळत बसलेली. सांगतात ते असं की तिनं पत्ते गोळा केले आणि सरळ आगीत टाकले. हा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो, चित्रंसुद्धा आहेत त्याची, पण मला विचाराल तर पत्ते जाळणं हा त्यातला छोटा भाग आहे. रागाच्या भरात ते कुणीही करेल. तिनं पुढे जे केलं ते बघा. ती तिथून तडक फिलिपच्या घरी गेली आणि म्हणाली की तू आम्हाला संदेश दे, नाहीतर आम्ही सगळे नरकात जाऊ आणि देव आमच्या रक्ताचा जाब तुला विचारेल. फिलिप म्हणाला, देऊ कसा, माझ्याकडे ना घर ना मंडळी. त्यावर ती म्हणाली, स्वतःच्या घरात दे, आपल्याच माणसांना दे.

आणि ती नुसतं बोलून थांबली नाही, माणसं तिनंच गोळा केली. पहिल्या उपासनेला पाच जण. फिलिप धरून पाच! बार्बरा, पॉल, त्यांच्याकडे कामाला असलेला एक माणूस आणि बेटी नावाची आफ्रिकी वंशाची नोकर बाई. आज कुणी म्हणालं की आमच्याकडे चारच जण येतात हो, बंद करावं का, तर मला हा आकडा आठवतो.

मग घर पुरेना. कॅप्टन थॉमस वेब नावाचे ब्रिटिश सैन्यातले अधिकारी येऊन मिळाले, युद्धात एक डोळा गेलेला, त्यावर पट्टी, मिलिटरीच्या गणवेशातच संदेश द्यायचे आणि तलवार समोर ठेवायचे, साहजिकच लोक बघायलाही यायचे आणि मग ऐकत बसायचे. 1767 मध्ये जहाजाचे दोर आणि शिडं बनवायच्या जागेत, एका माळ्यावर उपासना सुरू झाली. तीही भरली. तेव्हा चर्च बांधायचा विचार बार्बरानंच मांडला, तिनं त्यासाठी प्रार्थना केलेली आणि कमी खर्चात कसं होईल याचा आराखडापण तिनंच सुचवला. वेबनी 30 पौंड दिले, सर्वात मोठी देणगी. फिलिपनं सुतार म्हणून स्वतःच्या हातानं पुलपिट बनवलं. आणि बार्बरानं भिंतींना चुना मारला.

त्या काळी तिथं सरकारमान्य इंग्लिश चर्च सोडून इतरांना रीतसर चर्च बांधता येत नव्हतं, म्हणून त्या इमारतीत चूल आणि धुराडं बसवलं, म्हणजे कागदोपत्री ते राहतं घर. 30 ऑक्टोबर 1768 ला समर्पण झालं. फिलिपनं बायबलमधल्या होशेय 10:12 या वचनावर संदेश दिला, आपली पडीक जमीन नांगरा. ज्याची स्वतःची जमीन सहा वर्षं पडीक होती तो माणूस हे वचन वाचतोय आणि समोर बार्बरा बसलीय, मला तो क्षण फार हलवतो.

या मंडळीबद्दल अजून एक गोष्ट सांगायलाच हवी, ती दुखरी असली तरी. पीटर विल्यम्स नावाचा गुलाम इथं चर्चची देखभाल करायचा. 1783 ला मालक त्याला विकायला निघाला तेव्हा चर्चच्या विश्वस्तांनी 40 पौंडांना त्याला विकत घेतलं आणि ते पैसे त्यानं नंतर स्वतः फेडले. एका विश्वासणाऱ्याला आपल्याच चर्चकडून स्वतःला सोडवून घ्यावं लागलं. त्यानंच पुढे 1796 मध्ये इतर काळ्या सभासदांबरोबर वेगळी मंडळी सुरू केली, झायन चर्च.

बार्बरा तोवर केव्हाच न्यूयॉर्कमधून गेली होती. 1770 च्या सुमारास हेक आणि एम्बरी कुटुंबं उत्तरेला कॅम्डनला शेती करायला गेली, तिथं परत मंडळी सुरू. फिलिप तिथंच वारला. मग अमेरिकेची स्वातंत्र्याची लढाई पेटली, हेक कुटुंब इंग्लंडच्या राजाच्या बाजूचं, म्हणून शेत, घर, सगळं सोडून कॅनडात पळावं लागलं. 1785 मध्ये सेंट लॉरेन्स नदीजवळ ऑगस्टाला स्थायिक झाले, वय पन्नास, जंगल तोडून सुरुवात. आणि तिथं काय? परत घरातली सभा. पुढारी कोण, तर फिलिपचा मुलगा सॅम्युएल. नेमलेला प्रीचर यायला अजून काही वर्षं लागली, पण मंडळी आधीपासून होतीच.

17 ऑगस्ट 1804 ला मुलाच्या घरी, खुर्चीत बसल्या बसल्या बार्बरा गेली. वय सत्तर. मांडीवर बायबल उघडं होतं. प्रेस्कॉटजवळच्या ब्लू चर्चच्या कबरस्तानात नदीकाठी तिला पुरलंय.

तिनं लिहिलेलं एकही पत्र उरलेलं नाही. एक ओळसुद्धा नाही. हे सगळं लोकांनी आठवून आठवून पुढच्यांना सांगितलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. तिचं ते बायबल मात्र राहिलं, जर्मन भाषेतलं, जुन्या जाड वळणाच्या अक्षरांचं, आयर्लंड सोडून इतकी वर्षं झाली, इंग्रजी मुलखात आयुष्य गेलं तरी वाचायला ते घरच्या भाषेतलंच.